तिसरा हिसका लांब

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचत आलोय आणि, राग मानू नका, बहुतेक वेळा मनात हसत आलोय. माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. कालव्यात पट्टी उभी करायची, पाणी कुठवर आलंय ते बघायचं, तेवढंच साहेबांना सांगायचं. पट्टीवर दिसतं ते खरं, बाकी गप्पा - असा स्वभाव होऊन गेला. बायकोनं कधी नातवाची दृष्ट काढली तर मी म्हणायचो, मिरच्या वाया गेल्या. आज एकाहत्तराव्या वर्षीही भुताखेतांवर माझा विश्वास नाही.

मला आलेला अनुभव फार छोटा आहे. दहा सेकंदांचासुद्धा नसेल. पण तो सांगायचा तर आधी आठ वर्षांपूर्वी मी बोललेलं एक खोटं सांगावं लागेल. त्या खोट्यामुळे एका भल्या माणसाच्या नावावर माझी चूक लागली आणि ती आजवर तशीच राहिली. म्हणून हे लिहितोय. अनुभवावर विश्वास ठेवला नाहीत तरी चालेल. खोट्यावर मात्र ठेवा.

मी सांगलीत, विश्रामबागला राहतो. चाळिशीत मला डोंगरांचा नाद लागला आणि आम्ही दहाबारा जणांनी मिळून प्रस्तरारोहणाचा एक छोटा ग्रुप काढला. मी सगळ्यांत मोठा, म्हणून सगळे मला अण्णा म्हणत. आमचा नेहमीचा कडा साताऱ्याजवळ. यवतेश्वरचा घाट चढून गेल्यावर गाडी लावायची, मग वीस मिनिटं पायवाट. काळा कातळ, पन्नासेक फुटांवर एक अरुंद टप्पा आणि टप्प्याच्या पंधराएक फूट खाली कातळाला आलेलं पोट. चढणारा त्या पोटाच्या वर गेला की खालून दिसत नाही.

बिरू आमच्यात आला तेव्हा पस्तिशीचा असेल. मूळचा जतकडचा, धनगराचा. लहानपणी गोवरात दोन्ही डोळे गेले. सांगलीच्या हळदपेठेत एका अडत्याकडे तो हळकुंडं पारखायचा. हळकुंड कानाजवळ धरून मोडायचा आणि आवाजावरून सांगायचा, वाळलंय की अजून दोन दिवस ऊन हवंय. बोटं कायम पिवळी. आम्ही हाताला पांढरी पूड लावून चढायचो, पण बिरूचे ठसे कातळावर फिकट पिवळे उमटायचे.

कातळावरही तो तेच करायचा. हात टाकायच्या आधी दगडावर बोटाच्या पेरानं टकटक करायचा. एकदा मला म्हणाला, "अण्णा, ह्यो दगड कच्चा हाय, ह्याला कुनी धरू नगा." मी डोळ्यांनी बघून सांगितलं की चांगला घट्ट आहे. पुढच्या आठवड्यात तो दगड जयवंतच्या हातात आला. जयवंत साताऱ्याचा, आमच्यातला सर्वांत तयार गडी. त्यानं सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "इथनं पुढं बिरूचे डोळे वापरायचे. अण्णांचे चष्म्यात अडकल्यात."

दोराच्या खुणाही बिरूनंच आम्हाला दिल्या. चढणाऱ्याच्या कमरेचा दोर वर टप्प्यावरच्या कडीतून खाली येतो आणि खाली एक जण तो आपल्या कमरेच्या, आठच्या आकड्यासारख्या लोखंडी कडीतून घेऊन उजव्या हातानं धरून ठेवतो. वरचा घसरला की खालच्याचा उजवा हात त्याला पेलतो. तो हात दोरावरून काढायचा नाही, एवढा एकच नियम. पण वारा सुटला की वरचं बोलणं खाली कळत नसे. बिरू म्हणाला, आमच्या हिरीवर असंच व्हतं.

त्याचा बाप विहिरींतला गाळ काढायचा. बाप दोराला धरून खाली आणि दहा वर्षांचा आंधळा पोरगा काठावर, दोर हातात घेऊन.

"आत बोललं की घुमतंय," बिरू सांगायचा. "वड म्हनला का सोड म्हनला, काय कळत न्हाई. मग बा हिसकं द्यायचा. एक म्हंजी सोड. दोन म्हंजी वड. तीन म्हंजी पाय टेकला, आता दोर मोकळा. आन् तिसरा लांब वडायचा, मोजण्यात चूक नगं म्हनून. मानूस चुकतंय अण्णा, दोर खोटं बोलत न्हाई."

आम्ही तेच घेतलं. टप्प्यावर पोचलं, स्वतःला तिथल्या कातळात ठोकलेल्या बोल्टला अडकवलं की तीन हिसके. दोन आखूड, तिसरा लांब. मग खालच्यानं दोर मोकळा करायचा. बाकीच्यांचे हिसके कसेबसे यायचे. बिरूचा तिसरा हिसका मात्र असा यायचा की जणू कोणी सावकाश आपलं मनगट धरून वर नेतंय.

आता तो दिवस.

संक्रांतीनंतरचा रविवार होता. बिरूला बघून आणखी तीन-चार अंध मुलं-मुली यायला तयार झाली होती. त्यांच्यासाठी शिबिर घ्यायचं ठरलं होतं आणि त्याची सुरुवात बिरूच्या चढाईनं होणार होती. साताऱ्याहून एक मोठे पाहुणे येणार होते. नाव सांगत नाही, त्यांचा काही दोष नाही. ते अकराला येणार होते, आले साडेबाराला. तोवर थांबून थांबून बिरू कंटाळला आणि म्हणाला, मी चढतो, ते आले की वरनं रामराम घालतो. जयवंत पाहुण्यांना आणायला रस्त्यावर गेला होता. दोर मी धरला.

बिरू छान चढला. पोटाच्या वर गेला आणि दिसेनासा झाला. तेवढ्यात मागे आवाज आला, "अण्णा, पाहुणे आले बरं का." मी मान वळवली. पाहुणे हसत समोरच आले. मला ते ओळखत होते. त्यांच्या मागे शाल, श्रीफळ घेतलेली माणसं आणि हार घेतलेला जयवंत. म्हणाले, "आधी तुमचा सत्कार, मग बाकी सगळं." शाल माझ्या खांद्यावर पडली. फोटोवाला पुढे झाला. पाहुण्यांनी नारळ पुढे केला…

आणि मी तो दोन्ही हातांनी घेतला.

विचार करून नाही घेतला. नारळ एका हातानं घेत नाहीत, हे इतकं अंगात मुरलेलं आहे की उजवा हात दोरावरून कधी सुटला हे मला कळलंही नाही. नारळ घेतला, वाकून नमस्कार केला. त्याच क्षणी कमरेला झटका बसला आणि दोर सर्रकन वर पळायला लागला. मी नारळ टाकून दोर धरला, तळहाताची साल निघाली. पण तोवर बिरू पंधरा-वीस फूट खाली येऊन कातळाच्या पोटावर आपटला होता. डावा खुबा मोडला. जीव वाचला.

त्याला झोळीत घालून खाली नेताना जयवंतनं विचारलं, "अण्णा, झालं काय नक्की?"

मी म्हणालो, "तीन हिसके आले. म्हणून दोर सोडला."

हे वाक्य कुठून आलं, मी सांगू शकत नाही. ते तयारच होतं.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी मी बिरूला भेटायला गेलो. ग्रुपचे सगळे होते. बिरूनं आवाजावरून मला ओळखलं.

"अण्णा, जयवंत म्हनतोय मी तीन दिलं?"

"हो."

"मी तर अजून टप्प्यावर हात टाकत व्हतो. बोल्ट घावला नव्हता." मग म्हणाला, "तिसरा कसा व्हता?"

इथे मी थांबू शकलो असतो. आठवत नाही म्हणू शकलो असतो. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "लांब. तुझा असतो तसाच."

बिरूनं आपले दोन्ही हात पांघरुणावर उताणे ठेवले. म्हणाला, "मग मीच दिलं असत्याल. हातानं दिलं आन् मला कळलं न्हाई."

जो माणूस म्हणायचा की दोर खोटं बोलत नाही, त्याच्या दोराच्या तोंडी मी खोटं घातलं. आणि ते त्याला पटावं म्हणून त्याचाच हिसका वापरला.

ग्रुपच्या बैठकीत ठरलं की अंध सदस्यांची चढाई बंद. ठराव मी मांडला नाही, पण विरोधही केला नाही. ती मुलं-मुली परत आली नाहीत. बिरू कुबडीवर सहा-सात महिने पेठेत गेला, मग ते काम सोडून गावी गेला. मी फोन केला नाही. शाल कपाटात आहे. तो नारळ कोणीतरी उचलून माझ्या गाडीत ठेवला होता, तोही घरी आला. फोडायचं धाडस झालं नाही. आता आतलं पाणी आटलंय, हलवला की गोटा खडखड वाजतो. सून विचारते, हा कशाचा ठेवलाय? मी सांगतो, सत्काराचा.

आता अनुभव.

गेल्या मार्गशीर्षात जयवंत म्हणाला, टप्प्यावरचे बोल्ट गंजलेत, बदलायला हवेत, अण्णा तुम्ही नुसते बरोबर चला. माझ्या गुडघ्यांनी चढणं कधीच सोडलंय, पण दोर धरू शकतो. आम्ही दोघंच होतो. जयवंत चढला, दोन बोल्ट बदलले, दोराचं टोक वर नव्या बोल्टला बांधलं आणि मागच्या पायवाटेनं खाली आला. जेवून परत वर जायचं होतं, म्हणून दोर तसाच ठेवला. स्वच्छ दुपार. वारा नाही. समोर साताऱ्याची घरं दिसत होती.

जयवंत दगडावर बसून भाकरी सोडायला लागला. माझ्या कमरेला दोर तसाच होता आणि उजवा हात त्यावर. त्या दिवसापासून मला ही सवय लागली आहे. कमरेला दोर असेतो मी डबासुद्धा उघडत नाही.

"अण्णा, वर कोण न्हाई," जयवंत म्हणाला. "सोडा की आता. दोर काय पळून जातोय व्हय?"

"सोडतो," मी म्हणालो. आणि दोर हलला.

एक. आखूड.

दोन.

मग तिसरा. तो सावकाश आला, माझं मनगट वर घेऊन गेला, थोडा वेळ तिथंच धरून ठेवलं आणि सोडलं.

मी जयवंतकडे बघितलं. त्याच्या एका हातात भाकरी होती आणि दुसऱ्या हातात मिरचीचा ठेचा.

"तू ओढलास?"

"मी कशानं वडू? तुमचाच हात वर गेला की. काय झालं?"

"वर कोणी आहे."

माझा चेहरा बघून तो मुकाट्यानं उठला आणि मागच्या वाटेनं वर गेला. दहा मिनिटांनी टप्प्यावरून त्याचं डोकं दिसलं. "कुनी न्हाई. गाठ हाय तशी हाय."

माकडं म्हणाल, तर त्या दिवशी एकही दिसलं नाही, आणि माकडाला तिसरा लांब ओढायचं काय कारण? वारा नव्हता. नवा दोर ताणानं लांबतो आणि आपोआप बसतो, हे मला माहीत आहे, पण दोर मोजून बसत नाही. वय झालंय, हात थरथरतो म्हणाल, तर ते मी मान्य करतो. थरथर मला रोज होते. ती कशी असते ते मला ठाऊक आहे.

जयवंतनं दोर खाली टाकल्यावर मी ते टोक हातात घेऊन बघितलं. हुंगलंसुद्धा. त्याला हळदीचा वास आला असं लिहिलं तर गोष्ट छान होईल. नाही आला. दोराला दोराचाच वास होता.

परतताना गाडीत माझ्या मनात एकच - बिरू गेला. या सदरातल्या गोष्टींत असंच असतं. नंतर कळतं, त्याच वेळी तिकडे माणूस गेला. सकाळी पहिली एसटी धरून मी जतला गेलो. तिथून वडापच्या जीपनं कर्नाटकाच्या अंगाला त्याची वस्ती गाठली. सगळा रस्ताभर काय ऐकायला मिळणार याची तयारी करत होतो.

बिरू झाडाखाली बसून कोकरू पाजत होता. तब्येत चांगली. पाय ओढतो, एवढंच.

"यावा अण्णा," माझ्या पावलांवरूनच म्हणाला. "लय दिसांनी वाट सापडली."

त्याची बायको कस्तुरा चहा घेऊन आली. बिरूनं कप हातात घेतला आणि तिला विचारलं, "भरलाय व्हय गं?" ती हो म्हणाली, तेव्हा तोंडाला लावला. मला आश्चर्य वाटलं. कस्तुरा माझ्याकडे बघून म्हणाली, "पडल्यापास्नं असंच हाय. आदी अंगावर हात फिरवून मेंढरू वळखायचे. आता लेकीला हाका मारत्यात, ह्ये कंचं हाय बघ गं. हळदीचं काम बी त्येच्यापायी सोडलं. म्हनं, माज्या हाताचा आता भरोसा न्हाई."

आठ वर्षं मी त्याच्या खुब्याचा विचार करत होतो. मी काय मोडलं होतं, ते त्या कपाकडे बघताना कळलं.

मी म्हणालो, "बिरू, त्या दिवशी हिसके आलेच नव्हते. एकही नाही. मी नारळ घेत होतो."

"कसला नारळ?"

त्याला माहीतच नव्हतं. सत्कार, शाल, फोटो, काहीच नाही. तो तेव्हा पोटाच्या वर होता, आणि नंतर कोणी सांगितलं नाही. मी सगळं सांगितलं. कोकरू त्याच्या मांडीवरून उठून गेलं.

"दोनी हातांनी घ्येतला?" त्यानं विचारलं.

"हो."

"व्हय," तो म्हणाला. "नारळ एका हातानं घेत न्हाईत."

त्यानं हातातला कप खाली ठेवला. मग सावकाश म्हणाला, "म्हंजी माजा हात बरूबर हुता."

"बरोबर होता."

"पुन्यांदा सांगा."

"तुझा हात बरोबर होता, बिरू. चुकला तो माझा."

त्यानं कस्तुराला जवळ बोलावलं, लेकीला हाक मारली आणि मला तिसऱ्यांदा सांगायला लावलं. मी सांगितलं. लेक बारावीला आहे. ती माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती ती मी इथे लिहीत नाही.

मग मी कड्यावरचे हिसके सांगितले. तो कामाचं विचारावं तसं विचारत राहिला. टोक कशाला बांधलं व्हतं, दोर नवा का जुना, वढ हाताला लागली का कमरंला. शेवटी त्यानं हात पुढे केला, चाचपून माझं उजवं मनगट धरलं आणि ओढलं. दोन आखूड. तिसरा लांब.

"असा?"

"असाच."

"मग ह्यो माजाच हाय," बिरू म्हणाला. "पन म्या दिला न्हाई. म्या काल दुपारी हितं मेंढरांमागं व्हतो." मग म्हणाला, "आन् अण्णा, हितं सांगून काय उपेग? ज्यान्ला तवा सांगितलंसा, त्यान्ला सांगा."

मला माफ केलं का, हे मी विचारलं नाही. त्यानंही काही सांगितलं नाही. निघताना मी उठलो, वाकून दोन्ही हात जोडले. बराच वेळ तसाच उभा राहिलो. मग लक्षात आलं, त्याला दिसत नाही.

त्या रविवारी ग्रुपला बोलावून मी सगळं सांगितलं. उठता उठता जयवंत म्हणाला, "अण्णा, मी हार घेऊन पाहुण्यांच्या मागंच व्हतो. तुमचे दोनी हात बघितलेवते मी. पन तुमी म्हनला तीन आले… मग म्हटलं, आले असतील." अंधांच्या चढाईवरची बंदी उठवली आहे. बिरूला निरोप धाडला, तो येणार नाही म्हणाला. पण कस्तुराचा परवा फोन होता. मेंढरं आता स्वतःच चाचपून आत घेत्यात, म्हणाली.

आता राहिला प्रश्न दोर कोणी हलवला याचा. कोणी मेलेलं नाही. ज्याचे हिसके, तो जिवंत आहे आणि तेव्हा कड्यापासून एवढ्या लांब मेंढरांमागे होता. मी एक खोटं बनवलं होतं, अगदी तिसऱ्या हिसक्याच्या लांबीसकट, आणि आठ वर्षांनी तेच माझ्या हातात येऊन पोचलं, एवढंच मला सांगता येतं. का आणि कसं, याचं उत्तर माझ्या कोणत्याही पट्टीवर नाही.

तुम्ही म्हणाल, ज्यानं एकदा न आलेले तीन हिसके सांगितले, त्याच्या आलेल्या तीन हिसक्यांवर आम्ही का विश्वास ठेवावा? ठेवू नका. मी तुमच्या जागी असतो तर मीही ठेवला नसता. पण या वेळी ते आले होते. तिसरा लांब होता.